इंजिन थांबल्यावर पाणी कुठे जातं?

मोठ्या डिझेल इंजिनात डिझेल, ऑईल आणि पाणी एकमेकांच्या अगदी शेजारून वाहतात. मध्ये असते ती फक्त एखादी रबरी रिंग, तांब्याची नळी किंवा हेडखालचं गॅस्केट. त्यातलं पाणी ऑईलमध्ये शिरलं की गॅरेजमध्ये हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इंजिन खोला, किट टाका, मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, पाणी कुठून येतंय ते आधी दाखवा, मग पान्याला हात लावा. खाली बोलणारी दोघं कल्पित आहेत, भांडण मात्र रोजचं आहे.

मिस्त्री जुने. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. तिच्या ८५५ मालिकेच्या इंजिनांवर ज्यांनी हात काळे केले, त्यांच्या हाताखाली हे शिकले. मॅडम मेकॅनिकल इंजिनिअर, खडी क्रशरवाल्यांच्या जनरेटरांची देखभाल बघणाऱ्या. समोरचं इंजिन एनटीए-८५५: १४ लिटर, सहा सिलिंडर, दोन-दोन सिलिंडरवर एक अशी तीन हेड, ओले, म्हणजे पाठीला थेट पाणी लागणारे, लायनर. गेजच्या काडीवर ऑईल वरच्या खुणेच्याही वर चढलंय आणि त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झालाय. रेडिएटर मात्र अर्धा रिकामा.

मॅडम: काका, यात शोधायचं काय राहिलंय? इंजिनाचे तास भरलेत. लायनरच्या रिंगा कधी बदलल्या त्याची नोंद नाही, हेड गॅस्केटची नाही. गळती हुडकण्यात तुम्ही दोन दिवस घालवणार. तेवढ्यात माझी माणसं हेड उतरवून लायनर बाहेर काढतील. क्रशर बंद पडला की मालक दर तासाला फोन करतो.

मिस्त्री: टाका की किट. पण तुमच्या किटमध्ये ऑईल कूलर येतो का? आफ्टरकूलर येतो का? पाणी तिथून येत असेल तर सहाच्या सहा लायनर नवे बसवाल आणि चौथ्या दिवशी काडीवर हाच रंग बघाल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मॅडम: मग कूलरही बदलू.

मिस्त्री: आणि ब्लॉक? लायनरची रिंग ब्लॉकच्या खालच्या बोअरमध्ये बसते. पाण्याने तिथलं लोखंड खाल्लं असेल, तर कितीही महागाची रिंग घाला, ती बसणार कशावर? तो बोअर कापून त्यात स्लीव्ह बसवावी लागते. हे आधी कळलं तर ब्लॉक मशीन शॉपला जातो. नंतर कळलं तर तुमची माणसं तेच काम दुसऱ्यांदा करतात, आणि मालक दर तासाला नाही, दर दहा मिनिटांनी फोन करतो.

मॅडम: बरं. पण ऑईल वर चढलं म्हणजे पाणीच आलं हे तरी नक्की ना? या इंजिनाला डिझेलच्या वाटा हेडमधून जातात. इंजेक्टरच्या ओ-रिंगा गेल्या की डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि काडी तशीच वर चढते.

मिस्त्री: हे बरोबर विचारलंत. डिझेल उतरलं तर ऑईल पातळ होतं, वास येतो, रंग काळाच राहतो. इथे रंग बदललाय आणि रेडिएटरही उतरलाय. पण नुसत्या रंगावर मीही जात नाही. थंडीत पाच-दहा मिनिटं चालवून बंद करायच्या सेटला ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळी साय धरते. ती हवेतल्या बाष्पाची. तेवढ्यावरून इंजिन खोललेले लोक मी पाहिलेत.

इथे मॅडमनी बॅगेतून छोटी हॉट प्लेट काढली. साधारण १५० ते १६० अंशांवर तापवून तिच्यावर या ऑईलचा एक थेंब टाकला. थेंब तडतडला, बुडबुडे उठले. ऑईलमध्ये पाणी ०.१ टक्क्याच्या आसपास असलं तरी ही तडतड ऐकू येते, त्यामुळे इथे शंकाच उरली नाही. वाळूवर ठेवलेल्या पत्र्यावर हीच परीक्षा करणारे मिस्त्री पूर्वीही होते. मिस्त्रींना हॉट प्लेट आवडली. तसं ते म्हणाले नाहीत, पण प्लेट थंड होईपर्यंत तिच्यापासून हललेही नाहीत.

मिस्त्री: आता एक विचारतो. हे दिसल्यावर इंजिन चालू करून बघितलं का कोणी?

मॅडम: ऑपरेटरने एकदा बटण दाबलं म्हणे. अर्धवट फिरून अडकलं.

मिस्त्री: मग आता बटणाला कोणी हात लावायचा नाही. बॅटरीची केबलच काढा. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलं असेल तर ते दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गळती राहिली बाजूला, रॉडचं काम निघतं. आधी सहाही इंजेक्टर काढा आणि क्रँक हाताने, बारिंगने फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर लिहून ठेवा.

मॅडम: त्याच भोकातून मी कॅमेरा घालते. ज्या सिलिंडरमध्ये पाणी येतं तिथल्या पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, कारण वाफ काजळी साफ करून टाकते. बाकीचे पाच काळे आणि एक लख्ख दिसला, तर वरून कुठे येतंय ते कळलं. मग हेड, गॅस्केट, इंजेक्टरची तांब्याची स्लीव्ह किंवा भोक पडलेला लायनर, यांतलंच काहीतरी.

मिस्त्री: आणि सगळेच ओले निघाले तर?

मॅडम: तर... आफ्टरकूलर?

मिस्त्री: आफ्टरकूलर. टर्बोची हवा थंड करायला त्यात इंजिनचंच पाणी फिरवतात, आणि तो बसतो इनटेकच्या वाटेत. त्याची नळी फुटली की पाणी हवेच्या वाटेनेच सिलिंडरमध्ये जातं. लोक हेड तपासत बसतात. आणखी ऐका. भाराखाली टर्बोचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो. तेव्हा हवा उलटी पाण्यात शिरते आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. बुडबुडे दिसले की सगळे एका सुरात म्हणतात, हेड गॅस्केट गेलं!

इंजेक्टर निघाले. पहिल्या तीन सिलिंडरांत काहीच नव्हतं. चौथ्याच्या भोकातून थोडं पाणी उडालं, पाचवा-सहावा कोरडे. कॅमेऱ्यात चौथ्याचा माथा इतरांहून बराच उजळ दिसला, तरी लख्ख म्हणावा असा नव्हता. आफ्टरकूलरवरचा संशय उतरला. मॅडम म्हणाल्या, झालं, चौथ्यावरचं हेड काढा. मिस्त्री रेडिएटरकडे गेले, बोट बुडवून बघितलं, मग कापड बुडवून बघितलं.

मिस्त्री: पाण्यावर तेलाचा तवंग नाही. आतल्या भिंतीलाही चिकटा नाही. हे माझ्या दृष्टीने मोठं आहे.

मॅडम: मोठं कसं? आपल्याला ऑईलमधलं पाणी शोधायचंय, पाण्यातलं ऑईल नाही.

मिस्त्री: चालू इंजिनात ऑईलचा दाब किती असतो?

मॅडम: पूर्ण वेगात साधारण साडेतीन ते पाच बार.

मिस्त्री: आणि पाण्याचा?

मॅडम: रेडिएटरच्या कॅपवर अवलंबून. अर्धा बार ते एक बार.

मिस्त्री: मग ऑईल कूलरची नळी फुटली तर इंजिन चालू असताना कोण कोणाकडे जाईल?

मॅडम: ऑईल पाण्याकडे. ज्याचा दाब जास्त, तो पलीकडे जाणार.

मिस्त्री: आणि इंजिन बंद केल्यावर?

मॅडम: ऑईलचा दाब लगेच शून्यावर येतो. पाणी मात्र गरम असतं, बराच वेळ दाबाखाली असतं. मग पाणी ऑईलकडे. म्हणजे कूलर फुटला असता तर दोन्ही बाजू घाण झाल्या असत्या. चालू असताना इकडून तिकडे, बंद झाल्यावर तिकडून इकडे.

मिस्त्री: म्हणून मी ऑपरेटरला सगळ्यात आधी विचारतो, पाणी कधी कमी होतं? चालताना, की रात्री बंद ठेवल्यावर? त्याला वाटतं म्हातारा टाइमपास करतोय. रेडिएटरमध्ये तेल असतं तर मी आधी कूलर काढून, हवा भरून पाण्यात बुडवून बघितला असता. नाही म्हणून तो यादीत खाली गेला. बाद नाही केला, खाली गेला.

या संवादात माझं मत कुठे बसतं ते इथेच सांगतो. गळती शोधायची म्हणजे जागा शोधायची, असा बहुतेकांचा समज असतो. मिस्त्री जागेआधी वेळ विचारतात, आणि त्याला पैसा लागत नाही. रात्रभर इंजिन थंड उभं ठेवून सकाळी चेंबरचा, म्हणजे तळाच्या ऑईलच्या भांड्याचा, प्लग अगदी सावकाश सैल केला, तर पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने आधी पाणीच येतं, कूलंट असेल तर रंगीत. भर वेगात घुसळून ऑईलशी एकजीव झालेलं पाणी असं वेगळं पडत नाही. बंद इंजिनात हळूहळू झिरपलेलं पडतं. इथे प्लग सैल केल्यावर जवळजवळ अर्धा लिटर गढूळ पाणी आलं, मग दुधाळ ऑईल. ते पाणी हिरवंही नव्हतं, लालही नव्हतं. नुसतं मातकट. बोअरवेलचं.

मॅडम: तरी मी सँपल लॅबला पाठवते. सोडियम-पोटॅशियम वाढलेले दिसले तर कूलंट आत जातंय हे कागदावर येईल. नुसतं पाणी गरम ऑईलमध्ये उडून जातं, ग्लायकॉल तुटून जातो, पण कूलंटमधले क्षार मागे राहतात. हीच तर त्याची खूण.

मिस्त्री: कूलंट घातला असता तर. इथे कोणी घातलाय?

मॅडम: ...खरंय. बोअरच्या पाण्यात सोडियम किती, तेही माहीत नाही.

मिस्त्री: आणि सिलिकॉन? ते वाढलेलं दिसलं तर?

मॅडम: क्रशरवर? खडीच्या धुळीने वाढलं असणार. बरोबर अॅल्युमिनियमही वाढलं असेल तर धूळच. पण काका, लॅब फक्त पाणी सांगायला नाही. तुम्ही जे डोळ्यांनी बघू शकत नाही ते ती सांगते. शिसं, तांबं, कथील किती आलंय, म्हणजे बेअरिंगचा किती भाग ऑईलमध्ये उतरलाय. पाणी मिसळलेल्या ऑईलची फिल्म टिकत नाही. ग्लायकॉल असता तर तो तुटून आम्ल झालं असतं आणि बेअरिंगच्या शिशाला खाल्लं असतं. तुम्ही गळती बंद कराल, पण क्रँकखालची बेअरिंगं अर्धी गेली असतील तर इंजिन मरणारच. आणि मागचे तीन रिपोर्ट फाइलला असते, तर हे सहा महिन्यांपूर्वी दिसलं असतं. काडीचा रंग बदलेपर्यंत थांबायची वेळच आली नसती.

मिस्त्रींकडे याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, कोणाकडेच नसतं. काडीवर दिसतो तो आजार फार पुढे गेलेला असतो. अर्थात तांब्याचा आकडा वाढला म्हणजे बेअरिंगच गेलं असंही नाही. नव्या ऑईल कूलरच्या तांब्यातून ऑईलमधल्या रसायनांमुळे बराच तांब्याचा अंश सुटतो आणि रिपोर्ट बघणारा उगाच घाबरतो. शिसं आणि तांबं जोडीने वाढलं तर मात्र घाबरावं.

चेंबर काढायचं ठरलं. बेसफ्रेमवर बसलेल्या सेटला ते सोपं नसतं. फाउंडेशनचे बोल्ट सोडून चेन ब्लॉकने इंजिन उचलावं लागलं. त्यात अर्धा दिवस गेला आणि मॅडमनी तो मोजला. मग रेडिएटरच्या तोंडाला टेस्टर लावून हाताच्या पंपाने एक बारच्या जरा खाली दाब भरला. मिस्त्री पुठ्ठा पसरून त्यावर उताणे झोपले. प्रत्येक लायनरचं खालचं तोंड आणि क्रँकचे जर्नल फडक्याने कोरडे पुसले, टॉर्च लावली आणि बघत राहिले.

पाऊण तास झाला तरी काही नाही. टेस्टरचा काटा किंचित सरकला, पण थेंब पडला नाही.

मॅडम: बघा. थंड इंजिनात गळत नसेल तर अशी तपासणी काय कामाची?

मिस्त्री: काही गळती थंडीतच दिसते, कारण रिंग आखडते. काही गरम झाल्यावरच दिसते, लोखंड फुगतं, चीर उघडते. थंडीत नाही दिसली म्हणजे नाही, असं नाही. पाणी तापवा.

ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी ब्लॉकमधून फिरवलं, दाब पुन्हा भरला. वीस मिनिटांनी चौथ्या लायनरच्या खालच्या कडेला, लायनर आणि ब्लॉक यांच्या फटीत, एक मणी चमकला. फुगला, ओघळला, तिथेच दुसरा धरायला लागला. मिस्त्रींनी टॉर्च जवळ नेली आणि लायनरच्या आतली बाजूही बघितली. पिस्टन खाली होता, म्हणून क्रँक फिरवून तो वर घेतला. लायनरच्या भिंतीवर, साधारण मध्यावर, टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका होता. पुसला, परत ओला झाला.

मिस्त्री: दोन आहेत. बाहेरून रिंग, आतून भोक.

मॅडम: पिस्टन वर घेतला नसता तर भोक दिसलंच नसतं.

मिस्त्री: आणि नुसती रिंग बदलून मी घरी गेलो असतो.

लायनर बाहेर आला तेव्हा पाण्याकडच्या बाजूला, नेमक्या थ्रस्टच्या रेषेत, वरपासून खालपर्यंत बारीक खड्ड्यांची ओळ दिसली. काही खड्डे उथळ, काहींत टाचणी अर्धी जाईल इतके खोल, एक आरपार. बाकीचा पृष्ठभाग साधारण चांगला होता, फक्त बोअरच्या पाण्याचा पांढरट थर धरलेला. ही गंजाची नासाडी नाही. प्रत्येक ज्वलनाला पिस्टन लायनरला एका बाजूने ढकलतो, ओला लायनर कंप पावतो, त्याच्या पाठीमागच्या पाण्यात क्षणभर दाब कोसळून वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. फुटताना ते लोखंडाचा कण कण उखडतात. कूलंटमधलं नायट्राइट किंवा मॉलिब्डेट लायनरवर एक पातळ थर धरतं आणि हा मारा झेलतं. साध्या पाण्यात झेलायला कोणी नाही.

मॅडम: म्हणजे बाकीचे पाच लायनरही असेच असणार.

मिस्त्री: असणारच. पाणी एकच आहे. सहाही काढा.

मॅडम: (हसून) म्हणजे शेवटी किटच! मी सकाळी हेच म्हणत होते.

मिस्त्री: किटच. पण कूलर आणि आफ्टरकूलरचे पैसे वाचले. ब्लॉकचा खालचा बोअर मोजायचा हे ठरलं, चौथ्याचा तर हाताला लागतोय. वरची बैठकही मोजा. लायनर ब्लॉकच्या वर इंचाच्या तीन ते सहा हजाराव्या भागाइतका, ०.०८ ते ०.१५ मिलिमीटर, उभा राहिला पाहिजे. बैठक दबली असेल तर कापून शिम घालायची, नाहीतर हेड गॅस्केट त्याच्यावर नीट दाबच धरणार नाही. आणि बेअरिंगच्या कॅप खोला. ते तुमच्यासाठी.

कॅप उघडल्या. शेल्सवरचा राखी थर तीन ठिकाणी निघून खालचं तांबं दिसत होतं. यावर कोणी काही बोललं नाही, मॅडमनी फोटो काढला आणि शेल्स नव्या मागवल्या.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नंतर. इंजिनाला कूलंट फिल्टरची जागा होती, पण फिल्टर काढून दोन तोंडं पाइपने जोडली होती. कधीतरी फिल्टर मिळाला नसेल, मग तेच चालू राहिलं असेल. मॅडमचं म्हणणं, तयार कूलंट भरायचा, फिल्टर परत बसवायचा, दर २५० तासांनी पट्टी बुडवून नायट्राइट बघायचं. मिस्त्रींचं म्हणणं, पट्टी बुडवणार कोण? ऑपरेटर बदलत राहतात. त्यापेक्षा रेडिएटरची टोपी कुलूपबंद करा, पाणी भरायचं असेल तर फोन करायला सांगा.

मॅडम: कुलूप लावून रसायन टिकत नाही, काका. ते खर्च होतं. भरत राहावं लागतं.

मिस्त्री: आणि तुमचा माणूस एकदा कमी पडलं म्हणून दुप्पट ओतेल. जास्त झालं तरी गाळ होतो, वॉटर पंपाचं सील जातं. हेही मी बघितलंय.

मॅडम: म्हणून तर पट्टी. कमी किती, जास्त किती, दोन्ही सांगते.

मिस्त्री: बरं, पट्टी. पण बोअरचं पाणी बंद. मालकाला तुम्ही सांगा, माझं तो ऐकत नाही. मला म्हणतो, त्या पाण्यावर माझी म्हशी-गुरं जगतात, तुझं इंजिन का नाही जगणार?

मॅडम: सांगते. आणि जोडल्यावर पहिलं ऑईल पन्नास तासांनी काढायचं, आतल्या कानाकोपऱ्यात राहिलेला चिकटा सगळा त्याच्याबरोबर येतो.

मिस्त्री: पन्नास कशाला? दहा तासांनी काढा, स्वस्तातलं घाला आणि ओता बाहेर.

मॅडम: दहा तासांनी काढा हवं तर, पण ओतायच्या आधी शंभर मिली माझ्या बाटलीत.